फक्त चाळीस मिनिटं!

अंतर, वेग आणि वेळ यांच्या हिशेबात माझा हात धरणारा आमच्या दोन्ही घरांत कुणी नाही, हे आधीच सांगून टाकतो! म्हणूनच सकाळी मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, बाबांचं काही खरं नाही, ताईला घेऊन लगेच या," तेव्हा बायको रडायला लागली आणि मी मोबाइल उघडला.

"टॅक्सीनं पाच तासांत पोचू," ती डोळे पुसत म्हणाली. "चला ना!"

"पाच तास? हे बघ! आपल्या विमानतळावरून त्यांच्या विमानतळावर, फक्त चाळीस मिनिटं!"

मेहुण्यालाही तसंच ठणकावून सांगितलं. तो बिचारा बाबांच्या कानाशी ओरडला, "ताई विमानानं येतेय! चाळीस मिनिटं!" मला फोनवर ऐकू आलं. सासऱ्यांपुढे एकदाची कॉलर ताठ झाली.

विमानतळावर तिकिटांची एकच खिडकी उघडी होती. आतल्या बाईंनी माझा मोबाइल निरखून पाहिला.

"ही वेबसाइट कुठल्याही दोन विमानतळांमधला वेळ सांगते हो. मध्ये विमान जातं असं कुठं म्हटलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही स्वतः उडालात तर चाळीस मिनिटं!"

विमान होतं, पण राजधानीत बदलायचं. म्हणजे आधी थेट उलट्या दिशेला! तेवढ्यात पुन्हा मेहुणा.

"भाऊजी, बसलात ना? बाबा वेदनेनं कळवळतायत, पण झोपेचं इंजेक्शन घेत नाहीत. म्हणतात, पोरगी येईपर्यंत जागा राहतो, चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे!"

आम्हाला घेऊन आलेली टॅक्सी अजून बाहेरच उभी होती. बायको माझी बाही ओढत होती. पण जावयाची अब्रू!

"बसलोच!" मी म्हणालो, आणि दोन तिकिटं काढली.

राजधानीत धुकं. धुकं सरलं तर वैमानिक नाही. वैमानिक आला तर शिडी नाही! मेहुण्याचे फोन येत राहिले. आधी मी "उतरतोच आहोत" म्हणत होतो, मग उचलायचंच बंद केलं. शेवटी एकदाचं दुसरं विमान उडालं. बायको खिडकीला नाक लावून बसली होती.

"ती आपली पाण्याची टाकी ना?"

विमान आमच्याच घरावरून चाललं होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पट्टा आणखी आवळला.

पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मेहुणा हॉस्पिटलच्या पायरीवर बसला होता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दुपारपर्यंत दाराकडे बघत होते," तो म्हणाला. "मग सोसवेना. स्वतःच म्हणाले, टोचा आता. जावईबापूंची चाळीस मिनिटं झाली की उठवा."

उठवलं होतं. ते उठले नाहीत.

दिवस वगैरे झाल्यावर आम्ही टॅक्सीनं परत निघालो. मी मागच्या सीटवर मोबाइल हातात घेऊन तयार बसलो होतो. घरी पोचायला किती वेळ लागेल, हे बायकोनं ड्रायव्हरला विचारलं.