गिलनटोरकरांचं सुतक

बायको गेल्यानंतर मला पहिल्यांदा हसू आलं ते बापू पाटलाचं बोडकं डोकं बघून. सकाळीच दारात उभा. कपाळ कोरं, मिशी गायब, पायात काही नाही. एरवी दहाव्याला करतात ती हजामत यानं आधीच उरकलेली.

"कोण गेलं रं?" मी घाबरून विचारलं.

"आमचं लाटसायब. स्काटलंडचं. लांब ऱ्हा, सुतक हाय."

बापूचा आणि स्कॉटलंडचा संबंध सांगतो, म्हणजे मी का हसलो ते कळेल. बापूचा आजा हाकारे घालायचा. आहुप्याच्या रानात एक गोरा साहेब बिबट्या मारायला यायचा आणि आजा रिकामा डबा बडवत पुढं पळायचा. बिबट्या काही मेला नाही. साहेब मात्र मायदेशी जाऊन ग्लेनटोर नावाच्या मुलखाचा अर्ल झाला, कारण त्याचा थोरला भाऊ घोड्यावरून पडला. पुढं एकोणीसशे नव्वदच्या आसपास या साहेबाचा नातू, म्हणजे तेव्हाचा चालू अर्ल, ते रान बघायला आला. जुन्नरचा एक प्रोफेसर दुभाषा म्हणून बरोबर. बापूच्या ओट्यावर दोघं दुपारभर बसले. गोऱ्यानं चहा घेतला, आपल्या घराण्याचा इतिहास सांगितला आणि निघून गेला. इतिहास बापूकडं राहिला.

तो आम्ही सगळ्यांनी भोगला. एसटीची वाट बघणारा माणूस बापूला हक्काचा सापडायचा. कुणी विचारलं, "अर्ल म्हंजी काय वं?" की बापू सांगायचा, "आपला देशमुख. आन गावाला 'कर' लावायचा. ग्लेनटोरचा, म्हून गिलनटोरकर."

पहिल्या गिलनटोरकरानं राजाचा घोडा चिखलातनं काढला, म्हणून जहागीर. दुसऱ्यानं शेजारच्या गावच्या गाई पळवल्या. राजा म्हणाला, गडी कर्तबगार आहे, आणि जहागीर वाढवली. तिसरा चुकीच्या राजाकडं गेला, त्याचं मुंडकं उडालं. चौथा पाया पडला, जमीन परत मिळाली. पुढं चुलत्या-पुतण्यांचा दावा लागला, तो दावा लावणारे मेले तरी चालूच.

"म्हंजी आपल्यासारखंच की," मी म्हणालो. "चोरी पचली, की घराणं."

बापू लालबुंद झाला. "आपल्यात चोराला पोलीस नेत्यात. तिकडं त्याचं चित्र काढून भिताडाला लावत्यात. फरक हाय का न्हाई?"

आहे. मला मान्य करावं लागलं.

ग्रामसभेत नळाच्या पाण्यावर भांडण लागलं तरी हा उठणार, "स्काटलंडात इचारा!" सरपंच म्हणायचे, "पाटील, खाली बसा, तिकडची लाईन आपल्याकडं येत न्हाई."

पण एक सांगतो. आमची मंडळी गेली तेव्हा लोक तोंड पाडून यायचे, देवाची मर्जी म्हणायचे आणि जाताना माझ्या थंड चुलीकडं डोकावून बघायचे. बापू आला तो तिसऱ्या गिलनटोरकराचं मुंडकं घेऊन. रोज यायचा. बायकोचं नाव त्यानं काढलं नाही. ती दिवा लावायची त्या वेळेलाच बरोबर टपकायचा, आणि त्याची लढाई संपेपर्यंत माझी ती वेळ निघून गेलेली असायची. मी त्याला कधी बस म्हणालो नाही, ऊठही म्हणालो नाही.

बापूला मुलगा नाही. आणि गावची होळी पेटवायचा मान त्याच्या घराचा. चूड त्यानं लावायची, पहिली बोंब त्यानं मारायची, मग गावानं. घरात एकच लेक, सुमन. सासरी पटलं नाही म्हणून माघारी आलेली. शेती तीच बघते. विहिरीवरची मोटार बंद पडली तर पान्हा घेऊन तीच खाली उतरते. बापूचे गुडघे गेले तसा पुतण्या दगडू मागं लागला, "बापू, मला दत्तक घ्या. मान घरात ऱ्हाईल." दगडूला तेव्हा स्वतःला नातवंडं होती.

"लेक हाय की माझी," बापू म्हणायचा.

"बाईमाणूस बोंब मारंल व्हय होळीपुढं? लोक शेण घालतील तोंडात."

यावर बापूचं उत्तर ठरलेलं. "गिलनटोरकराला बी एकच लेक हाय. तिथं काय हुतंय बघू, मंग बोलू."

भावकी पोट धरून हसायची. दगडू सगळ्यात जास्त. सातासमुद्रापार एक माणूस मरायची वाट बघत आमच्या निरगुडसर गावचा मान खोळंबला होता.

आणि तो मेला. जुन्नरला कापड दुकानवाले शांतिलालशेठ, त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता. बापू बाजाराला गेला की आधी शेठकडं जाऊन साहेबाची खुशाली विचारायचा. त्या बाजाराला शेठनं वाईट बातमी वाचून दाखवली, आणि बापू तिथनं थेट न्हाव्याकडं गेला.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी हजर. जेवण होतं ना. गुरुजींनी विचारलं, "गोत्र?"

"गिलनटोर."

गुरुजी अनुभवी माणूस. "काश्यप लावून टाकतो," म्हणाले.

पिंडाशेजारी बापूनं साहेबाच्या आवडीचं म्हणून बिस्किटं ठेवली. पण कावळा शिवेना. बाभळीवर रांगेनं बसलेले, खाली एक उतरेना. ऊन चढलं, जेवण निवायला लागलं. लोक वचनं देऊ लागले.

"सायब, तुमची कुत्री सांभाळू!" दगडू ओरडला.

"सायब, बिबट्या मारू तुमचा!"

"कावळ्याला मराठी कळतंय," मी म्हणालो, "सायबाला कोण सांगणार?"

मग बापू गुडघे धरत उठला. पिंडापुढं हात जोडून हळू बोलला, पण मी शेजारी होतो, मला ऐकू आलं. "सायब, जिवाला लावून घिऊ नगा. तुमची लेक गादीवर बसली. शेठनं वाचून दावलं मला. तुमच्या जुन्या सनदंतच तसं व्हतं, मुलगा नसंल तर मुलीला. सुखानं जावा."

कावळा आला. पिंड सोडून त्यानं बिस्कीट उचललं. गुरुजी म्हणाले, "चालतंय."

दगडूचं हसू तिथंच वाळलं. "कंची लेक? कंची गादी?"

खाली पाण्याशी सुमन पातेली घासत होती, तिच्याकडं बापू बघत राहिला. तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं हा माणूस कुणाचा इतिहास सांगत होता.

त्या शिमग्याला बापू सुमनला घेऊन आला आणि चूड तिच्या हातात दिली. भावकी पुढं सरकली.

"हे निरगुडसर हाय, बापू," दगडू म्हणाला. "इलायत न्हवं."

मला वाटलं, आता सगळे गिलनटोरकर निघणार, पहिल्यापासनं. बापूनं एकाचंही नाव काढलं नाही. तो लेकीजवळ सरकला.

"पदर खोच, बाय," म्हणाला. "वारं हाय. ठिणगी उडंल."

सुमननं पदर खोचला आणि चूड लावली. मग तोंडावर हात ठेवून तिनं बोंब मारली, अशी खणखणीत की कुत्री दचकली. गाव गप्प. मग मागनं म्हाताऱ्या बायांनी बोंब उचलली, आणि मग माझ्याही तोंडून निघाली.

बापूनं होळीकडं बघितलंच नाही. खोचलेल्या पदराचं टोक वाऱ्यानं सुटलं होतं, ते मुठीत धरून तो पोरीमागं उभा राहिला, जाळ खाली बसेपर्यंत.