घागरीवरचा सोनेरी ठिपका

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. मी तशीही कुणाला काही सांगत नाही. वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचं तरी मला आधी घसा साफ करावा लागतो, आणि तोवर बाई गैरहजेरी लावून पुढच्या मुलीवर गेलेल्या असतात. पण लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे. (हे मी बाबांना विचारलेलं नाही.)

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हापासून इथे सगळ्यांना सगळं पहिल्यांदा करायची घाई झाली आहे. त्यातच पहिलं जिल्हा विज्ञान प्रदर्शन ठरलं आणि आमच्या शाळेतून चक्क माझं मॉडेल निवडलं गेलं. धरण, पंप, पाइप, उंच टाकी, नळ आणि नळाखाली चिंचोक्याएवढ्या मातीच्या घागरी. यंदाच्या दुष्काळात सगळ्या कॉलनीत पाणी येणारा नळ तेवढाच. मी इतकी हरखले होते, की जेवताना भाकरीचीसुद्धा आपोआप टाकी व्हायची.

आता फक्त रंग उरला होता. सोमवारी सकाळी मॉडेल न्यायचं, म्हणून शनिवारी बाबा मला गंजगोलाईच्या बाजारात वीरण्णांच्या रंगाच्या दुकानात घेऊन गेले. बाबा म्हणाले, पाइपाला चंदेरी द्या, बाकी काय ते तुम्हीच बघा. मला ते पटलं नाही. खरा पाइप मिठाईच्या वर्खासारखा चमकत नाही. तो निळसर राखाडी असतो, ढगाआडून ऊन पडल्यासारखा. हे मी बाबांच्या कानात सांगितलं, बाबांनी वीरण्णांना सांगितलं, आणि वीरण्णांनी माझ्याकडे बघत बाबांनाच विचारलं, "पोरीला बोलता येत न्हाई का?"

मग त्यांनी डब्या उघडल्या आणि एकेक रंग आपल्या नखांवर लावून दाखवला. एक नख चांदीचं, एक सोन्याचं, एक तांब्याचं. ती नखं बघून मला पाइप, धरण, प्रदर्शन सगळं विसरायला झालं. बाहुलीच्या भातुकलीत शोभतील अशा तीन डब्या घेऊन आम्ही घरी आलो.

रविवारी दुपारी मी एक लहानसा निर्णय घेतला. घागरी अंदाजाने रंगवायच्या नाहीत, खऱ्या भांड्यांशी ताडून रंगवायच्या. अंगणात सावली होती, म्हणून मी घरातला तांब्याचा हंडा, पितळेची घागर, जर्मनची म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची कळशी आणि लोखंडी बादली बाहेर नेली आणि रस्त्याच्या कडेला भिंतीलगत उन्हात ओळीने मांडली. सगळी रिकामीच होती, न्यायला सोपी गेली. मग मी ब्रश आणायला आत गेले. इतकंच केलं मी.

बाहेर आले तर बादलीच्या मागे पाचवं भांडं होतं. शेजारच्या कोंडामावशींची पितळी घागर. तिच्यामागे एक हंडा. आणि कोपऱ्यावरून एक बाई डोक्यावर पदर घेत, दोन कळश्या घेऊन, पळत नाही असं दाखवत पळत येत होत्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे बाबा कचेरीत कारकून आहेत, आणि टँकर कधी येणार हे कचेरीतल्या माणसाच्या घरी आधी कळतं अशी आमच्या कॉलनीची ठाम समजूत आहे. (बाबांना घरातलं मीठ संपलेलंही आधी कळत नाही.) त्यामुळे आमची भांडी बाहेर दिसली की कुणी काही विचारत नाही. विचारण्यात वेळ गेला तर नंबर जातो. गुपचूप आपली घागर आणून ठेवायची.

टँकर नाहीये, असं मला मोठ्याने म्हणायचं होतं. मी घसा साफ केला. तोवर रांग पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती.

काय करावं ते न सुचून मी खाली बसले आणि चंदेरी रंगाचा एक ठिपका आमच्या कळशीवर लावून बघितला. खरंच, जर्मन त्याच्यापुढे किती मळकट दिसत होतं. तेवढ्यात कोंडामावशी वाकल्या.

"नंबर टाकायलीस का, पंचे? मग माझ्याबी घागरीला टाक की."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "कोणता?"

"सोनेरी टाक. चंदेरी काय, डब्याचं झाकण दिसतंय."

पितळेवर सोनेरी दिसेना, म्हणून मी तो जरा मोठा काढला. तिथेच चुकलं. मागच्या पार्वतीबाई म्हणाल्या, "तिला रुपयाएवढा अन् मला टिकलीएवढा? मी काय कर्नाटकातून आले का?" मग त्यांनाही मोठा. सोनेरी संपत आला म्हणून पुढच्यांना तांब्याचा लावला, तर तांबडा म्हणजे टँकर संपल्यावरचा नंबर असं कुणीतरी ठरवलं आणि भांडण लागलं. मी रडवेली होऊन तांब्याच्या रंगात चंदेरी कालवला. त्याला बायकांनी मोठ्या लोकांचा रंग मानलं आणि सगळ्यांना तोच हवा झाला. रांगेच्या टोकाला पोचले तेव्हा तिन्ही डब्यांत फक्त तळ दिसत होता. माझा पाइप, माझी टाकी, माझ्या इवल्या घागरी, सगळ्यांचा रंग कॉलनीच्या भांड्यांवर सुकत होता.

इतक्यात बाबा केस कापून आले. रांग बघून त्यांचा चेहरा पडला. टँकर येतोय आणि कचेरीतून आपल्याला कुणी कळवलंही नाही, याचं त्यांना फार लागलं. मग पहिली चार भांडी आपलीच आहेत हे दिसलं आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी त्यांच्या कानात खरं काय ते सांगितलं. बाबा हळूच आमच्या बादलीवर बसले.

"कुणाला बोलू नको," ते म्हणाले. "आईलासुद्धा."

तेवढ्यात बाबांचे साहेब जीपमधून तिथून चालले होते. एवढी शिस्तीची रांग बघून त्यांनी जीप थांबवली. आपलीच कचेरी इथला टँकर विसरली, असा त्यांचा समज झाला. बाबांनी तो मोडला नाही, ते फक्त म्हणाले, "चौकशी करतो, साहेब." आणि खरोखरच, ऊन उतरायच्या आत टँकर आला. बायकांनी ठिपके दाखवून पाणी भरलं. साहेबांना ही ठिपका पद्धत इतकी आवडली, की त्यांनी बाबांना सर्वांसमोर शाबासकी दिली.

सगळ्यांना पाणी मिळालं, मला रंग नाही. वीरण्णांचं दुकान रविवारी बंद. संध्याकाळी मी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पाइपासमोर पेन्सिल घेऊन नुसती बसले होते. रागाने मी पेन्सिलीचं शिसं पुठ्ठ्यावर घासलं आणि वर बोट फिरवलं. निळसर राखाडी. ढगाआडून ऊन पडल्यासारखा. वीरण्णांच्या अख्ख्या दुकानात नव्हता तो रंग माझ्या कंपासपेटीत होता. मी अख्खा पाइप बोटाने घासून काढला. डब्यांच्या झाकणांना चिकटलेलं खरवडून तीन घागरी झाल्या, बाकीच्या मातीच्या राहिल्या.

प्रदर्शनात परीक्षक माझ्या पाइपापाशी बराच वेळ थांबले. त्यांनी विचारलं, हा रंग कोणता? मी सगळा जीव एकवटून म्हणाले, "पेन्सिल." त्यांना वाटलं मला पेन्सिल हवी आहे. त्यांनी खिशातून काढून दिली. मी घेतली.

तरी दुसरा नंबर आला. बाबांनी खूश होऊन सोनेरी रंगाची नवी डबी आणून दिली, पुढच्या मॉडेलसाठी. मी ठरवलं आहे, यातला एक थेंबही वाया घालवायचा नाही. कुणी मागितला तर तोंडावर नाही म्हणायचं. आरशासमोर उभं राहून मी सराव केला आहे, आणि आता ते मला अगदी सहज येतं. आत्ताच बघा, दारात कोंडामावशी हाका मारत आहेत. घासताना घागरीचा ठिपका गेला म्हणे, आणि ठिपक्याशिवाय टँकरवाला पाणी देत नाही. आज मी त्यांना स्पष्ट नाही म्हणणार आहे, फक्त आधी या डबीचं घट्ट बसलेलं झाकण जरा