गफूरचाचांनी स्काय बेटावर गाडी थांबवली

गफूरचाचा दुसऱ्याच्या गाडीत बसले की ब्रेक मारतात. ऑटो असो, कुणाची कार असो, त्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबत असतो आणि तोंड चालकाला शिकवत असतं. मागं एका ऑटोवाल्यानं भर चौकात ऑटो थांबवून हात जोडले. "चाचा, तुम्हीच चालवा, मी मागं बसतो." हे खरंच पुढं जाऊन बसले!

बत्तीस वर्षं त्यांनी नांदेड-मुखेड-देगलूर एसटी चालवली. चाची गेल्यापासून माझ्या समोरच्या घरात एकटेच राहतात. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची, त्यांची शबाना माझीच विद्यार्थिनी. ती नर्स होऊन स्कॉटलंडला गेली, तिथल्या स्काय नावाच्या बेटावर. "तुमच्या इंग्रजीनंच नेली माझी पोरगी," हे वाक्य मला दर ईदेला शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर मिळतं.

शबानाची झोया सहा वर्षांची. तिच्याशी एकदा पोटभर बोलावं म्हणून चाचांचा जीव तुटायचा. रविवारी फोन आला की ती "हाय नाना" म्हणून पळायची. तिला येते इंग्रजी, आणि ह्यांना इंग्रजी सोडून सगळं: मराठी, दखनी, देगलूरच्या प्रवाशांची तेलुगू. शेवटी शबानानं चांगलं तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं.

आणि हा माणूस पंधराव्या दिवशी परत!

मला असा संताप आला म्हणून सांगू! मी त्या बेटाचे फोटो बघत म्हातारी झाले. एका अंगाला डोंगर, एका अंगाला समुद्र, मधून रस्ता. मी स्वतः हैदराबादच्या पुढं गेलेली नाही. आणि ह्यांनी तिथं जाऊन काय पाहिलं? रस्त्याची रुंदी!

"एकच गाडी जाईल एवढा रस्ता, बाई! समोरून गाडी आली की आपण कडंला थांबायचं. आन् जाणारा हात दाखवून राहिला! एकूणएक! मी शबानाला म्हणलं, थांबव, पाशिंजर हाय."

"अहो चाचा, ते आभार मानतात!"

"ते आता कळलं. आपल्याकडं हात दाखवा, गाडी थांबवा. हात दाखवलेला माणूस मी कधी सोडला न्हाई."

म्हणजे दर वळणाला समोरून एक हात आणि दर हाताला चाचांचं "ए थांब! थांब!" इंजिनाच्या वरताण ओरडून शेवटच्या सीटपर्यंत पोचायची सवय त्या गळ्याला. बिचारी शबाना दोनदा दचकून खरंच थांबली. पुढं मेंढ्या रस्त्यात आडव्या आल्या, तर खाली उतरून मेंढ्यांना दखनीत शिव्या. तेही समुद्राकडं पाठ करून! कपाळ माझं!

पाट्या मात्र त्यांना पटल्या. वर तिथली जुनी भाषा, गेलिक, आणि खाली इंग्रजी. "आपली वर ठेवली, बाई. हे बरं केलं." चहाला थांबले तिथं एक म्हातारा भेटला, गेलिक बोलणारा. झोया त्याच्याशी फडाफडा बोलायला लागली. शाळेत शिकवतात म्हणे. म्हाताऱ्यानं तिच्याकडून गाणं म्हणवून घेतलं, टाळ्या वाजवल्या.

"लई छान गायली," चाचा म्हणाले, आणि एकदम पेटले. "तिथल्या बुढ्याची बोली येती पोरीला, आन् नानाची न्हाई! हा काय इन्साफ झाला?"

"मग शिकवायची होती की! तीन महिने होते हातात! पळून कामून आलात?" महिनाभर हेच ऐकून शेवटी दारात उभं करून मी त्यांना चांगलंच झापलं.

चाचा चपलेकडं बघत राहिले.

"परतीला झोया मागच्या सीटवरून आईला बोलली. इंग्रजीत. नानाला कळत न्हाई, असं वाटलं तिला. पण तेवढं कळतं हो, बाई. नाना सारखे का रागावतात, ते घरी कधी जाणार, म्हणली."

"मग शबाना?"

"ती रडाया लागली. मीच म्हणलं, तिकीट बदल."

एवढं पोटात ठेवून हा माणूस महिनाभर सगळ्या गल्लीला मेंढ्यांच्या गोष्टी सांगत होता, आणि आम्ही हसत होतो. खरा राग मला तेव्हा आला, माझा स्वतःचाच.

आता रोज सकाळी चाचा वही घेऊन येतात. एबीसीडी नको म्हणाले. त्यांना इंग्रजीत एकच वाक्य पाहिजे होतं: मी रागावलेलो नाही, माझा आवाजच असा आहे. मी लिहून दिलं. त्यांनी ते असं म्हटलं की शेजारच्या दोन घरांची दारं उघडली.

मला हसू आलं. चाचा हसले नाहीत. वही मिटून म्हणाले, "पाठ झालं, बाई. आता हे हळू म्हणाया शिकवा. रविवारी फोन हाय तिचा."