भेकराच्या हाकेचा मालक

मुलांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर तेवढं सुधारून वाचा. माझे शब्दही साधेच आहेत. गोष्टीत कायद्याचे दोनचार मोठे शब्द येतात, ते ऐकले तसे लिहिले आहेत. आता जवळ बसा.

एका जंगलात कुणालाच कशाची मालकी ठाऊक नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

त्या जंगलात हाकेची रीत होती. बिबळ्या आला की ज्याला तो दिसेल त्याने ओरडायचं. वानर झाडावरून खकारायचं. चितळ खालून कुकारा द्यायचं. एकाने हाक दिली की दुसऱ्याने ती पुढे न्यायची. हाक ओढ्यापलीकडे पोचेपर्यंत सगळे पळालेले असायचे. बिबळ्या उपाशी परत जायचा. त्याची बाजू कुणी ऐकून घेत नव्हतं.

त्याच जंगलात सुमंत नावाचा एक साळिंदर राहत होता. तो हुशार होता. शिकायला डोंगरापलीकडे गेला आणि मोठी पदवी घेऊन परत आला.

त्याच्या आईने विचारलं, "म्हणजे नेमकं काय शिकलास रे?"

"आई, काही गोष्टी उचलून नेता येत नाहीत, तरी त्या चोरीला जातात. त्या कशा जातात ते शिकलो."

"अगंबाई! आणि कुणाची काय गेली?"

"ते आता शोधायचं आहे," सुमंत म्हणाला.

त्याने जांभळीखाली बैठक टाकली. अंगावरचा एक काटा उपटून लेखणी केली आणि वाट पाहत बसला. कुणी आलं नाही. कुणाचं काही गेलेलंच नव्हतं.

शेवटी तो स्वतःच रंगोबाकडे गेला. रंगोबा म्हणजे एक म्हातारं भेकर. एकटं राहायचं, एकटंच चरायचं. त्याला बायको नव्हती, पोरं नव्हती, आणि जंगलात कुणी त्याची फारशी चौकशी करत नव्हतं. पण बिबळ्या दिसला की त्याची हाक सगळ्यांत मोठी. एवढ्याशा देहातून कुत्र्यासारखं 'भ्याक' निघायचं आणि दरी दणाणायची.

सुमंत म्हणाला, "रंगोबा, या जंगलातली पहिली हाक कोणाची?"

"आमच्या पणजोबांची म्हणतात."

"मग वानर ओरडतात ते काय?"

"ते त्यांच्या गळ्यातून ओरडतात."

"गळा त्यांचा. हाक तुमची. तुम्हाला कधी कुणी विचारलं?"

त्याला कधीच कुणी काही विचारलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"नाही हो, वकीलसाहेब," तो म्हणाला.

झालं. न्यायासनावर गवा होता. तो रवंथ करत सगळं ऐकून घ्यायचा आणि घास गिळला की निकाल द्यायचा. त्याने निकाल दिला. हाक रंगोबाची. इतरांनी ती मारण्याआधी रंगोबाची परवानगी घ्यावी. जो विनापरवाना हाक मारील त्याने आपलं झाड किंवा गवत सोडून जंगलाबाहेर जावं.

सगुणा नावाची एक वानरीण होती. ओढ्याकाठच्या उंच अर्जुनावर तिची टोळी राहायची आणि पहारा तीच द्यायची. तिने शंका काढली.

"आणि मी नुसतं 'बिबळ्या आला' असं सांगितलं तर?"

"ते हाकेचं भाषांतर झालं," सुमंत म्हणाला.

"शेपटीने दाखवलं तर?"

"रूपांतर."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"तर तुमच्यासारखी कायदा पाळणारी बाई सापडायची नाही."

बिबळ्या मागे बसून ऐकत होता. त्याने पहिल्यांदा पंजे वाजवले.

त्या दिवसापासून रंगोबाचा भाव वाढला. सकाळ झाली की त्याच्यापुढे रांग. 'रंगोबा, आज हाक लागली तर मारू ना?' असं सगळे विचारायचे. रंगोबा मान तिरकी करून म्हणायचा, "आजचं आज बघू. हाक लागेल तेव्हा या." रोज माणसं दारात यावीत, एवढंच त्याला हवं होतं. तसा तो वाईट नव्हता.

एकदा दुपारी सगुणेला गवतात ठिपके हलताना दिसले. खाली चितळांचा कळप होता. ती सरसर खाली उतरली, धावत रंगोबाकडे गेली. रंगोबा पडला होता. तो उठला, अंग झाडलं, "बसा सगुणाबाई, पाणी घेता?" असं विचारलं आणि मोठ्या मानाने परवानगी दिली. सगुणा धावत परत आली, झाडावर चढली आणि ओरडली. हाक अगदी कायदेशीर होती.

कळपातली एक चितळीण झाडाखाली येऊन उभी राहिली. तिच्याजवळ पाडस नव्हतं.

"मावशे," ती म्हणाली, "तुला दिसलं होतं ना गं?"

सगुणेच्याही पोटाला एक पिल्लू बिलगलेलं होतं.

इकडे सुमंतचं नाव झालं होतं. मोठ्या वडाखालच्या विद्यापीठाने त्याला प्राध्यापक केलं. बिबळ्याने त्याच्यासाठी खास आसन ठेवलं, त्याला 'बिबळ्या अध्यासन' म्हणतात. सकाळी सुमंत न्यायासनापुढे उभा राहून सांगायचा की हाक एकाची असते. दुपारी वडाखाली बसून शिकवायचा की हाक सगळ्यांची असते. दोन्ही तो मनापासून सांगायचा. सशांनी विचारलं, "सर, यातलं खरं काय?" सुमंत म्हणाला, "सकाळी या, म्हणजे सांगतो. पण तेव्हा वकीलपत्र लागेल."

सगुणा त्या वर्गाला जाऊन बसू लागली. पोरं हसायची. "मावशी, या वयात?"

"शिकायला वय नसतं, आणि मरायलाही नसतं," ती म्हणायची.

एके दिवशी सुमंतने आपला नवा निबंध वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की शिकवण्यासाठी कुणाचीही हाक वापरता येते, परवानगी लागत नाही. सगुणेने तो तीनदा ऐकून घेतला.

पुढच्या वेळी गवत हलल्यावर ती खाली उतरलीच नाही. फांदीवर सरळ बसली आणि म्हणाली, "मुलांनो, तास सुरू झाला. आजचा धडा बिबळ्या. उदाहरण ऐका." आणि तिने सगळ्या ताकदीनिशी हाक मारली.

वर्ग पळाला. एकही पाडस गेलं नाही.

रंगोबाला मात्र फार लागलं. दोन दिवस दारात कुणी आलं नाही. तो सुमंतकडे गेला. सुमंतने फिर्याद लिहिली. सगुणा हरली तर टोळीसकट तिचं झाड जाणार होतं.

सगळं जंगल जमलं. सुमंत गव्याच्या उजवीकडे उभा राहून म्हणाला, "फांदीला वर्ग म्हणत नाहीत. हा उघड गैरवापर आहे." सगुणेने साक्षीदार म्हणून प्राध्यापक सुमंत साळिंदर यांना बोलावलं. सुमंत चालत गव्याच्या डावीकडे गेला आणि म्हणाला, "वर्ग कुठेही भरतो. बाईंनी मला बरोबर समजून घेतलं आहे." मग उजवीकडे येऊन त्याने स्वतःची उलटतपासणी घेतली. ती कडक झाली. स्वतःचे काटे स्वतःलाच टोचले, पण दोघांपैकी कुणी मागे हटलं नाही.

गवा म्हणाला, "निकाल येईपर्यंत शिकवणंही बंद. मालकाच्या परवानगीशिवाय कुणी हाक मारायची नाही." आणि तो रवंथ करू लागला. सगळे त्याच्या जबड्याकडे बघत बसले.

सगुणा मात्र सवयीने गवताकडे बघत होती.

रंगोबा पुढच्या ओळीत होता. त्याच्या पाठीमागचं गवत हललं.

सगुणा उठून उभी राहिली. "रंगोबा, हाक मारू?"

सगळ्यांच्या माना वळल्या. एवढ्या गर्दीत आपल्याला विचारलं म्हणून रंगोबाची छाती फुगली. "कशासाठी?"

"ते सांगितलं तर भाषांतर होईल."

"मग शेपटीने तरी दाखवा."

"ते रूपांतर होईल. माझ्या पोरांचं झाड जाईल. रंगोबा, पाया पडते, हो म्हणा."

रंगोबाला तिची दया आली. तो सुमंतकडे वळला. "वकीलसाहेब, देऊ का हो परवानगी? बाई रडतेय."

सुमंत कानाशी लागून म्हणाला, "निकाल तोंडावर आलाय. आत्ता दिलीत तर तुमचा हक्क तुम्हालाच महत्त्वाचा नाही असं दिसेल. कारण सांगत नाही म्हणजे डाव असणार."

रंगोबाने क्षणभर विचार केला. मग मान ताठ करून म्हणाला, "सगुणाबाई, या वेळी नाही."

हे त्याचं शेवटचं बोलणं. बिबळ्याने गर्दीत कुणाला धक्कासुद्धा लागू दिला नाही.

तेवढ्यात गव्याचा घास गिळून झाला. निकाल सगुणेच्या बाजूने लागला. शिकवण्यासाठी हाक मारायला हरकत नाही, मात्र दर वर्गाआधी मालकाला कळवावं. मालक गेला तरी मालकी साठ वर्षं जिवंत राहते, असं कायद्यातच होतं. मालक नसेल तर कुणाला कळवायचं, ते नव्हतं.

सगुणा टोळी घेऊन शेजारच्या जंगलात निघून गेली. तिथे अजून कुणी शिकलेलं नव्हतं.

सुमंतने या खटल्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो रंगोबाला अर्पण केला. तो आता विद्यापीठाचा कुलगुरू आहे. त्याच्या वर्गात दरवर्षी विद्यार्थी कमी होतात. त्यामुळे शिस्त फार चांगली राहते.

तात्पर्य: ओरडणाऱ्याने आधी परवानगी घ्यावी. खाणाऱ्याला ती लागत नाही, म्हणूनच त्याच्या हातून कायदा कधी मोडत नाही.

ही गोष्ट मी संध्याकाळी लिहून पुरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यावर कामाला गेलो. मी एरवी मोठ्याने बोलत नाही. पण कडबाकुट्टीचं बटण दाबण्याआधी "हात काढा!" म्हणून जोरात ओरडलो. माझ्या आधी त्या यंत्रावर होते ते दगडूमामा असंच ओरडायचे. त्यांना विचारायचं राहूनच गेलं.