मथुराक्काची चांदमारी

आमची मथुराक्का कुकरचं झाकण उघडते तेव्हा तोंड एका बाजूला आणि हात लांब. कुकर थंड होऊन तास झाला असला तरी तसंच. "रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं," असं तिचं म्हणणं. हा नियम ती गाभण म्हशीला लावते, बंद पडलेल्या एस्टीला लावते आणि माझ्या सासूबाईंनाही लावते. सासूबाई गप्प बसल्या की अक्का हळूच मला म्हणते, "नळी तुझ्याकडं हाय. जरा बाजूनं बस." तिचा अंदाज आजवर चुकलेला नाही.

हे ज्ञान तिला लातूरच्या पोलीस मैदानावर मिळालं. माझ्या आत्याकडं पिस्तुलाचा परवाना आहे, आणि तो तिनं रीतसर शिकून, परीक्षा देऊन मिळवला आहे. अख्ख्या अहमदपूर तालुक्यात अशी आत्या आणखी कुणाला असेल तर त्यानं खुशाल समोर यावं. मी मास्तरीण आहे, उगाच बढाई मारत नाही. पण अक्काचा विषय निघाला की मारते.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, तिचे यजमान, आमचे मामा, लवकर गेले. तेव्हापासून ती शेतातच राहते. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. कुस्तीशी त्याचा काही संबंध नाही, अक्काचा मात्र थोडाफार असावा.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची ही गोष्ट. जिल्हा आला, पाऊस काही आला नाही. गावातल्या विहिरी आटल्या आणि अक्काच्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं. अक्कानं सांगून टाकलं, ज्याला तहान असेल त्यानं यावं. गाव आलं. बौद्धवाड्यातल्या बायाही आल्या, त्याच काठावर, त्याच पोहऱ्यानं पाणी शेंदायला. हे तिच्या धाकट्या दिराला, काशिनाथअप्पाला, झोंबलं. अप्पा किराणा दुकानदार, कपाळभर भस्म, बोलणं गूळ. म्हणायचा, "वहिनी, दिवस वाईट आहेत. एकट्या बाईनं रानात राहू नये. गावातल्या घरी या, शेत-विहीर मी बघतो." अप्पानं विहीर बघायला घेतली तर तिथं कोण चढणार आणि कोण नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. अक्का हलेना. मग एका संध्याकाळी आखाड्याच्या पत्र्यावर दगड पडले. कुणी टाकले ते कळलं नाही, म्हणजे सांगितलं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का मला घेऊन लातूरला निघाली. नव्या कचेरीत खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. अक्काचं रिकामं कपाळ बघून कारकुनानं न विचारताच निराधारांच्या पगाराच्या रांगेकडं बोट दाखवलं.

"पगार न्हाई पायजे," अक्का म्हणाली. "पिस्तूल पायजे."

कारकुनाचा चहा बशीतच राहिला. साहेब मात्र भला माणूस. कारण विचारलं, तर अक्का म्हणाली, विहीर हाय. साहेबांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि नवी अट सांगितली: आधी पोलीस मैदानावर शिकायचं, शेवटच्या दिवशी चांदमारीत, म्हणजे नेमबाजीत, पास व्हायचं, मग परवाना. नापास झालं तर विषय संपला. अक्कानं विचारलं, शिकवणी सकाळी का दुपारी, म्हणजे म्हशीची सोय लावता येईल.

मी शाळेत रजा टाकली. मैदानावर दोन पाटील, एक सराफ, एक रस्त्याची कामं घेणारा गुत्तेदार, सगळ्यांच्या मिशा तेल लावून आलेल्या. त्यांच्यात इरकली लुगडं नेसलेली अक्का. शिकवणारे जमादार होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. हत्यार रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं, नळी कुणाच्या अंगावर धरायची नाही, नेम लागेपर्यंत चापावर बोट न्यायचं नाही. पाटील मंडळी जांभया देत होती आणि अक्का पुटपुटत पाठ करत होती. उस्तादांनी सांगितलं की हत्यार झाकून बाळगायचं, दाखवत फिरायचं नाही, दाखवलं की भांडण वाढतं. तेव्हा एका पाटलाचा चेहरा पडला. दाखवायचं नाही तर घ्यायचं कशाला, असा त्याचा रास्त प्रश्न होता. अक्का म्हणाली, "लुगड्यात लई झ्याक बसतंय की." उस्ताद पहिल्यांदा हसले.

शेवटच्या दिवशी चांदमारी. समोर माणसाच्या आकाराचा काळा पुठ्ठा, छातीवर पांढरं वर्तुळ. वर्तुळात लागलेल्या गोळीलाच गुण. पाटलांच्या गोळ्या मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात गेल्या, सराफाची कुठं गेली ते अजून कळलेलं नाही. अक्काची पाळी आली. तिनं पुठ्ठ्याकडं बघितलं आणि पिस्तूल नळी खाली करून टेबलावर ठेवून दिलं.

"ह्याच्या छातीवर मी मारणार न्हाई."

उस्तादांना वाटलं बाई भ्याली. अक्कानं गळ्यातलं इष्टलिंग पदराबाहेर काढलं. "आमच्यात हितं देव असतोय. ह्याच्या छातीवर न्हाई कशावरनं?"

उस्तादांनी परोपरीनं समजावलं की माई, हा पुठ्ठा आहे. अक्का म्हणाली, आमचा देव बी दगडाचाच हाय, म्हणून काय झालं. मी तिला चिमटा काढला. अगं, ही परीक्षा हुकली की अप्पाच्या दारात जाऊन बसावं लागेल, त्याच्या हातचं खावं लागेल आणि विहिरीला कुलूप बघावं लागेल. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिनं पिस्तूल उचललं, श्वास रोखला आणि सगळ्या गोळ्या त्या पुठ्ठ्याच्या उजव्या पंजात घातल्या. पंजा फाटून खाली लोंबायला लागला. जन्मभर गोफणीनं ज्वारी राखलेली बाई ती!

नियमानं अक्काला शून्य गुण. उस्तादांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग स्वतः खोलीत गेले आणि नुसत्या गोल वर्तुळाचा एक जुना पुठ्ठा घेऊन आले.

"माई, ह्यात देव न्हाई. बघून घ्या."

अक्कानं खरंच मागून-पुढून बघून घेतलं, आणि मग एकही गोळी वर्तुळाबाहेर गेली नाही. मला इतका अभिमान वाटला की बसमधल्या कंडक्टरलासुद्धा मी तिकीट काढायच्या आधी तेच सांगितलं.

परवाना आला, पिस्तूल आलं. पुढच्याच रविवारी मी आखाड्यावर असताना काशिनाथअप्पा दोन गडी आणि बैलगाडीत लोखंडी जाळी घेऊन आला. विहिरीवर जाळी टाकून कुलूप लावायचं, असं त्यानं जाहीर केलं. बाया घागरी घेऊन मागं सरकल्या. अक्का काठावर जाऊन बसली. तिचा हात पदराखाली कमरेशी गेला आणि तिथंच थांबला.

"अप्पा," ती म्हणाली, "दाखवायचं न्हाई असा नियम हाय. मी नियमानं वागतेय. तुम्ही बी वागा."

अप्पानं पदराकडं बघितलं. गडी आधीच गाडीजवळ पोचले होते. जाळी आली तशी परत गेली. बायांनी घागरी भरल्या, हसल्या, एकेक करून गेल्या. माझी तर छाती फुगून फुटायची वेळ आली होती.

मागं राहिली ती बौद्धवाड्यातली गयाबाई, रोजगार हमीच्या कामावर जाणारी. घरात येऊन अक्कानं मला चहा दिला तेव्हा कप बशीत वाजत होता. ते गयाबाईनंही बघितलं.

"अक्का, एक सांगू का," ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "पत्र्यावर दगड पडल्यापास्नं आमच्यातलं कुणी ना कुणी रोज रातभर माळावर बसतंय. आखाड्याकडं बघत. उजाडलं की मग घरी जातंय."

अक्का तिच्याकडं वळली. "एवढ्या लांब कामून? हितं येऊन बसायचं की गं."

"बोलवलं कवा?" गयाबाई सरळ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही विहिरीवर बोलवलं. घरात न्हाई बोलवलं."

पाटलांसमोर, साहेबासमोर, अप्पासमोर न हललेली माझी आत्या खाली बघायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. मग ती उठली, अर्धं लोटलेलं दार सताड उघडलं, घोंगडं झटकून आपल्या बाजेशेजारी अंथरलं.

"ये," ती म्हणाली, "आत ये बाई. मला एकटीला लई भ्याव वाटतंय."

गयाबाईनं भरलेली घागर खाली ठेवली आणि आत आली.