गोल बुरुजाची रांग

साल १९६३. त्या हिवाळ्यात गावातले नळ मार्चपर्यंत गोठलेले होते, म्हणून जूनमध्ये जरा ऊन पडल्याबरोबर महिला मंडळानं ब्रॅकनशॉच्या पडक्या किल्ल्यावर सहल काढली. नवरे आणायला परवानगी होती. डबे उचलायला कोणी तरी लागतंच.

हिल्डा पेंबर्टन बसमध्ये अगदी पुढच्या बाकावर बसली होती. शेजारी तिचा नवरा सिरिल, मांडीवर अंड्याच्या सँडविचचा डबा घेऊन. आणि मागच्या बाकावर नणंद मॉड, मांडीवर काहीही न घेता. तीस वर्षांपूर्वी याच किल्ल्याच्या मोठ्या बुरुजावर, वरच्या दगडी खिडकीत, खाली नदी चमकत असताना सिरिलनं हिल्डाला लग्नाचं विचारलं होतं. ही हकिगत मंडळातल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ होती. एकट्या मॉडला ती मान्य नव्हती.

“आमचा सिरिल स्टुलावर चढून बल्ब बदलत नाही,” मॉड म्हणाली. “तो बुरुजावर कशाला चढेल गं?”

“प्रेमात माणूस चढतो.”

“चढतो, की चढवतात?”

“आज तुला त्याच खिडकीत नेऊन बसवते, मॉड. तिघं तिथं बसून सँडविच खाऊ. मग बघते तुझं तोंड कसं बंद होत नाही ते.”

“सँडविच असेल तर होईलच.”

सिरिल बाहेरच्या मेंढ्या बघत राहिला. या विषयावर त्याचं मत आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही ते कधी पुढे केलं नव्हतं.

किल्ल्यात आता एक बुरूज सोडला तर फारसं काही उभं नव्हतं. बुरूज गोल, जाडजूड आणि बोडका. दोन पुरुष उंचीवर भिंतीत एक दार. पण त्या दारापर्यंत जायला खालून काहीही नाही. रखवालदाराच्या खोपटाला कुलूप होतं आणि ‘जेवायला गेलो आहे’ अशी पाटी लटकत होती.

“शिडी लावतात,” हिल्डा ठामपणे म्हणाली. “मला चांगलं आठवतंय, तेव्हाही असंच थांबावं लागलं होतं. आपण पहिला नंबर लावू.”

आणि बरोबर त्या दाराखाली, भिंतीला खांदा देऊन, छत्री जमिनीत रोवून ती उभी राहिली.

इंग्लंडात एखादी बाई अशी छत्री रोवून उभी राहिली, की तिच्यामागे माणूस येऊन उभा राहतोच. आधी एक पाद्रीबाबा आणि त्यांची बायको आले. मग मंडळातल्या बाया. मग दुसरी एक बस आली, ती सबंधच्या सबंध रांगेला लागली. कशाची रांग, हे कोणी विचारलं नाही. विचारणं म्हणजे चोंबडेपणा. आणि एवढी शहाणी माणसं काय उगाच उभी असतील? रांग भिंतीच्या कडेकडेनं वळत बुरुजाआड दिसेनाशी झाली. मग रिपरिप पाऊस सुरू झाला. छत्र्या उघडल्या, थर्मास उघडले, पण जागचं कोणी हललं नाही. उलट पाऊस लागल्यावर रांगेला एक प्रकारची इज्जत आली.

हिल्डा मनातून खूश होती. एवढ्या जन्मात ती पुष्कळ रांगांत उभी राहिली होती. लढाईच्या दिवसांत लोण्यासाठी, साखरेसाठी, एकदा तर चार संत्र्यांसाठी. पण एवढ्या मोठ्या रांगेत पहिली ती आजच होती. ती चहा ओतायला खाली वाकली, कपात चहा घेतला, मान वर केली, आणि तिच्या नाकासमोर एक रुंद, ओलीचिंब पाठ उभी होती.

“अहो!” हिल्डा म्हणाली.

पाठ वळली. लालबुंद चेहऱ्याचा एक धिप्पाड माणूस होता. नाव ऑग्डेन, धंद्यानं खाटीक.

“काय बाईसाहेब?”

“तुम्ही माझ्यापुढे घुसलात.”

“मी? पुढे? मी तर सगळ्यांच्या मागे आहे.”

“माझ्यापुढे उभं राहून मागे आहात?”

“हे बघा, मी शेवटी उभा आहे. माझ्यापुढे ही हिरव्या टोपीवाली, तिच्यापुढे तिची आई. विचारा त्यांना!”

हिरव्या टोपीनं मान डोलावली. “हे आमच्या मागेच आलेत हो. अगदी रीतसर.”

“मी पहिली आहे!” हिल्डाचा आवाज चढला. “लोक लढाईत मेले ते काय यासाठी?”

“मी लढाईत होतो, बाईसाहेब,” ऑग्डेन म्हणाला. “तिथंही रांगेतच होतो.”

मागून पाद्रीबाबा हळूच खाकरले. इंग्रज माणूस असा खाकरला, की समजावं, प्रकरण हातघाईवर आलं आहे. “बाईंचा नंबर खरंच पहिला आहे,” ते म्हणाले. “मी साक्षीला आहे.”

“तुम्ही काही बोलू नका,” हिरव्या टोपीची आई म्हणाली. “तुम्ही तर आमच्याही मागे दिसताय.”

“सिरिल!” हिल्डा कडाडली. “जा! या रांगेचा शेवट शोध, आणि या गृहस्थांना दाखव. म्हणजे त्यांची जागा त्यांना कळेल.”

सिरिलनं बायकोकडे असं पाहिलं, जणू हे वाक्य त्यानं पूर्वी कुठं तरी ऐकलं होतं. मग डबा मॉडच्या हातात देऊन तो निमूट मागे निघाला. पाद्रीबाबांना ओलांडून, मंडळाच्या बायांना ओलांडून बुरुजाआड गेला. बराच वेळ गेला. आणि मग तो हिल्डाला दिसला, तो समोरून येताना. हिरव्या टोपीच्या बाजूनं चालत तो ऑग्डेनपाशी थांबला.

“सापडला शेवट?” हिल्डानं विचारलं.

“सापडला. हे काय, हेच.”

“आणि सुरुवात?”

“तू.”

एवढ्यात रखवालदार मिशा पुसत आला. बुरुजाला माणसांचा वेढा पडलेला बघून त्यानं टोपी मागे सारली. “कशासाठी थांबलाय सगळे?”

“वर जायला,” पाद्रीबाबा म्हणाले.

“वर? वर कबुतरं आहेत. आत सगळं पोकळ आहे, जिना माझ्या खापरपणजोबाच्याही आधी ढासळलाय. वर कोणी जात नाही, कधी गेलंही नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?”

 सगळ्या छत्र्या सावकाश हिल्डाकडे वळल्या. कोणी तरी “कमाल आहे!” म्हणालं, त्या गावात याहून मोठी शिवी नव्हती.

“खोटं!” हिल्डा किंचाळली. “मी स्वतः वर गेले आहे! खिडकीत बसले आहे! सिरिल, सांग यांना!”

सिरिलनं टोपी काढली. पावसाचं पाणी त्याच्या टकलावरून कानांकडे ओघळलं.

“आपण गेलो नव्हतो, हिल्डा. तेव्हाही अशीच रांग होती. अशीच तू पहिली होतीस. एक शिपाईगडी तुझ्यापुढे येऊन उभा राहिला, तू भडकलीस आणि मला शेवट शोधायला पाठवलंस. मी असाच गोल फिरून आलो. वर वाटच नाही, हे सांगायला आलो होतो. पण तुझ्या नाकाचा शेंडा लाल झालेला, हातात छत्री... मी घाबरलो गं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.”

“म्हणजे... तू मला मागणी घातलीस ती घाबरून?”

“सुरुवात घाबरून झाली. पण तू ‘हो’ म्हणालीस, आणि माझा हात धरून रांग सोडून निघालीस. तू जन्मात रांग सोडलीस ती तेवढी एकदाच.”

हिल्डाच्या डोळ्यांसमोरून चमकणारी नदी हळूहळू मावळली. तिथं ही ओली भिंत आली, चिखल आला आणि घामाघूम झालेला एक तरुण आला. सांगता सांगता दर वर्षी एकेक पायरी चढत तो प्रसंग कधी वर पोचला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

“तीस वर्षं!” ती शेवटी ओरडली. “तीस वर्षं मला त्या खिडकीत बसू दिलंस!”

“तुला तिथून नदी दिसायची,” सिरिल म्हणाला. “उगाच खाली कशाला आणू?”

मॉडच्या तोंडात सँडविच नव्हतं, तरी ते बंद होतं.

हिल्डानं छत्री उपटली, सिरिलचं मनगट धरलं आणि सगळ्यांच्या देखत ती रांगेबाहेर पडली. तिची जागा भरायला पाद्रीबाबा, सवयीनं, एक पाऊल पुढे सरकले.

पुढे पाद्रीबाबांनी ‘पहिले ते शेवटचे होतील’ या वचनावर प्रवचन केलं. ते एवढं गाजलं की त्यांना मोठं चर्च मिळालं. ऑग्डेन आपल्या दुकानात हा किस्सा मरेपर्यंत सांगत राहिला, आणि त्यात दर वेळी हिल्डाची छत्री लांब होत गेली. रखवालदारानं ‘वर वाट नाही’ अशी मोठी पाटी लावली. ती वाचायला लोक रांग लावू लागले. मॉडनं त्या खिडकीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. ती गेली तेव्हा हिल्डाला याचंच जास्त वाईट वाटलं. सिरिल त्यानंतर काही वर्षांनी गेला, कुठलाही गाजावाजा न करता.

मग सरकारनं बुरुजात लोखंडी जिना बसवला. गुडघे कुरकुरत असतानाही हिल्डा हट्टानं वर गेली. खिडकी होती, दगडी बाकही होता. खाली नदी नव्हती. गाड्या उभ्या करायचं पटांगण होतं. “हे दाखवायला एवढं चढवलं?” असं कबुतरांना सुनावून ती खाली आली, आणि त्या जुन्या दाराखाली, भिंतीला खांदा देऊन जरा दम खायला उभी राहिली.

थोड्या वेळानं तिच्यामागे एक तरुण जोडपं येऊन थांबलं. नव्या जिन्याचं दार पलीकडच्या अंगाला होतं, इथून दिसत नव्हतं. पोरगी चिडलेली दिसत होती. पोरगा सारखा घाम पुसत होता.

हिल्डानं त्यांच्याकडे नीट पाहिलं, छत्री जमिनीत रोवली, आणि त्यांना काहीही सांगितलं नाही.