यादीतलं बँडचं कलम

पियुषला आजवर अकरा पोरींनी नकार दिला होता आणि अकराही वेळा कारण एकच, मुलगा शेती करतो. त्यामुळे बोरी अरबच्या निशिगंधानं होकार दिला, तेव्हा आर्णीचा हा चौतिशीतला घोडनवरा देवासमोर नुसता बसून राहिला होता. आज तिच्या घरी बैठक होती. लग्नात कोणी काय करायचं याची यादी कागदावर उतरवायची, कागदाला हळदकुंकू लावायचं, दोन्ही बापांनी सह्या करायच्या आणि सुपारी फोडायची. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. सुपारी ताटातच ठेवलेली होती आणि पियुषची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

मांडव, जेवण, आहेर, मानपान अशी चार कलमं सरसर उतरली. पाचवं बँडचं. लिहायला बसलेल्या पियुषच्या मामांनी, काही एक गरज नसताना, विचारलं, "गाणे कोणते लिहू?"

"सत्तरीतले लिहा," पियुषचे वडील सदाशिवराव म्हणाले. "गाणे म्हणाव तं तेच. त्याच्यापुढं नुसता कल्ला."

निशिगंधाच्या वडलांनी, उकंडरावांनी, चहाची बशी खाली ठेवली. "काय बोलून राह्यले जी तुमी? गाणे तं नव्वदीतले!"

झालं! वडलांना पियुष चांगला ओळखून होता.

"एका गाण्यासाठी मी आर्णीहून यवतमाळले सायकलनं गेलतो! वापस आलो तं बापानं बदडलं, तरी गुणगुणतच होतो."

"अन् माह्या ट्रॅक्टरवर टेप होता. नव्वदीतलं गाणं लावलं का निंदणाच्या बाया सांजीले घरी जायाले तयार नसत."

"गाण्यापायी नाई, ट्रॅक्टर चालू होत नसन म्हणून!"

"अवो, आधी सुपारी तं फोडा," पियुषची आई इंदूबाई कळवळून म्हणाली. पण ऐकतो कोण?

शेवटी मामांनी तोडगा काढला. "अर्धे अर्धे करा. वऱ्हाड उतरन त्या जानोशापासून मारुतीच्या देवळापर्यंत सत्तरीतले, तिथून मांडवापर्यंत नव्वदीतले." मामांना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, पण क्षणभरच.

"मारुती तं जानोशाले लागूनच आहे!" सदाशिवराव उसळले. "तेवढ्यात बँडवाला फुंकायले तोंडबी लावणार नाई."

मग भर उन्हात दोघे अंतर मोजायला गेले. घामाघूम होऊन आले, तेव्हा एकाची चाळीस पावलं भरली होती आणि दुसऱ्याची एकशे दहा. सदाशिवरावांनी ढांगा टाकल्या होत्या, उकंडरावांनी पायाला पाय लावून मोजलं होतं.

"आता पोरालेच इचारा," उकंडराव म्हणाले. "लगन त्याचं आहे."

सगळ्या माना पियुषकडे वळल्या. सत्तरी म्हणावं तर पोरगी जाते, नव्वदी म्हणावं तर घरी जायची सोय राहत नाही. बिचारा गांगरला आणि त्या गडबडीत चक्क खरं बोलून बसला.

"मले गाण्यातलं काई समजत नाई."

"काईच?" उकंडरावांनी विचारलं.

"नाई जी. मले सगळे सारखेच वाटते."

उकंडरावांनी, कोणी मेल्यावर ठेवतात तसा, सदाशिवरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, घरात असं आहे तं आधी सांगाचं होतं."

"कोणत्या तोंडानं सांगू? मलेच आज समजलं!" सदाशिवरावांनी रुमालानं डोळे पुसले.

"अशा पोराले पोरगी कशी द्याव?"

"मी असतो तं म्याबी नसती देली."

गाण्यांचा विषय निघाल्यापासून पहिल्यांदाच एकमत झालं आणि मामांनी ते लगेच कागदावर उतरवलं. सहावं कलम: मुलानं गाणी शिकायला दर रविवारी इथं यायचं. एक रविवार सत्तरीचा, एक नव्वदीचा. पोळा झाला की परीक्षा, पास झाला तर सुपारी. दोन्ही बापांनी आनंदानं सह्या ठोकल्या, गळाभेट घेतली. सुपारी डब्यात परत गेली.

पियुष मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. शेतीपायी नाकारलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. शेती सोडता तरी येते, कान कुठून आणायचे? त्याला रडायचंच बाकी राहिलं होतं. तेवढ्यात निशिगंधा कपबशा विसळायला बाहेर आली.

"खरंच काई समजत नाई तुमाले?" तिनं हळूच विचारलं.

"खरंच."

तिनं दाराकडे पाहून घेतलं. "मलेबी नाई."

पियुषचा जीव भांड्यात पडला. आज पहिल्यांदाच त्याला हसू आलं. निशिगंधा मात्र हसत नव्हती.

"पण बाबा गाणं लावते तवा मी डोळे मिटून मान हालवते. शाळेत होती तवापासून हालवून राह्यली," ती म्हणाली. "एवढंबी खोटं बोलता येत नाई तुमाले, तं संसार कसा कराल जी?"